ऊन खाणं

मराठीत आपण ऊन खातो. इंग्रज उन्हात आंघोळ करतो, आमच्या बेळगावच्या कानडी बायका उन्हात अंग शेकतात, आणि आपण थंडीच्या दिवसांत गच्चीवर उन्हाकडे पाठ करून ‘ऊन खात’ बसतो. हा शब्दप्रयोग ज्यानं कुणी पहिल्यांदा केला त्याला हाडं, जीवनसत्त्वं वगैरे काही ठाऊक असण्याचं कारण नाही. पण शब्द बाकी नेमका पडला आहे.

जैन घरात वाढलेल्या बाईला तोंडात जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीची चौकशी करायची सवय असते. कंदमूळ नको, मध नको, आळिंबी नको, पाणी गाळून, जेवण दिवस बुडायच्या आत. ऊन हे खाणं मात्र अभक्ष्याच्या कुठल्याच यादीत नाही. तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात पुद्गलाची रूपं सांगताना शब्द, अंधार, सावली यांच्या ओळीत आतप म्हणजे ऊन आणि उद्योत म्हणजे चांदण्यासारखा थंड उजेड, हेही मोजले आहेत. म्हणजे ऊन हे पुद्गल झालं. ते अंगावर घेताना कुणा जीवाला धक्का लागत नाही. समुद्रात डुबकी मारायची म्हटलं तर न गाळलेल्या पाण्याचा विचार मनात येतोच. उन्हात बसायला गाळणं लागत नाही.

आणि तरीही मुलीच्या जन्माला आल्यापासून जेवढं पथ्य मी उन्हाचं ऐकलं तेवढं कांद्याबटाट्याचंही ऐकलं नाही. ‘उन्हात जाऊ नकोस, काळी पडशील.’ हे वाक्य आमच्या गल्लीत जैनांच्या घरात, मराठ्यांच्या घरात, लिंगायतांच्या घरात, मराठीत आणि कानडीत सारखंच बोललं जायचं.

मला समुद्राच्या काठी उन्हात बसायला आवडतं. त्यात औषधाचा भाग थोडा आणि आवडीचा जास्त. वर्षातून एक-दोनदा चोर्ला घाट उतरून गोव्याला जाणं होतं, तेव्हा मी वाळूवर चटई टाकते, बाह्या कोपराच्या वर सारते आणि बसते. वाळूची ऊब खालून येते, उन्हाची वरून. कानात लाटेचा आवाज. डोकं रिकामं होतं. पण असं बसलं की तीन तोंडांतून तीन गोष्टी येतात. भाची पर्समधून पन्नास एसपीएफची ट्यूब काढून हातात ठेवते. वैनी म्हणतात, ‘या वयात हे कसले चोचले!’ आणि डॉक्टरीणबाई रक्ताचा रिपोर्ट बघून म्हणाल्या होत्या, ‘जरा ऊन घेत जा हो.’ तिघी शहाण्या आहेत. म्हणून मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले. बाईनं उन्हात बसावं की नाही हे आजवर कोणी कोणी ठरवलं, हा सगळा इतिहासच मोठा गमतीचा आहे, आणि मधेच एका ठिकाणी तो अगदी आपल्या दारातून जातो.

सुरुवात युरोपातून करावी लागते. तिथंही शेकडो वर्षं गोरं कातडं म्हणजे बसून खाणारं घर, आणि करपलेलं कातडं म्हणजे शेतात राबणारी बाई. श्रीमंत बायका तोंडाला शिशाचा सफेदा फासायच्या. तो विषारी, कातडी खाणारा. हातात छत्री, डोक्यावर झालरीची टोपी, हातात मोजे. मग कारखाने आले. गरीब माणूस शेतातून उठून धुराच्या गल्ल्यांत, गिरणीच्या छपराखाली गेला. त्याची पोरं फिक्कट, पाय धनुष्यासारखे वाकलेले. आपण ज्याला मुडदूस म्हणतो तो रोग इंग्लंडच्या कारखानदारीच्या शहरांत घरोघर होता. आता गरीबच पांढरा पडायला लागला म्हटल्यावर श्रीमंताच्या कातडीचा रंग बदलायची सोय झालीच होती, फक्त कुणीतरी मुहूर्त काढायचा होता.

तो आधी वैद्यांनी काढला. आर्नोल्ड रिक्ली नावाचा स्वित्झर्लंडचा एक माणूस, मूळचा रंगाच्या कारखान्यातला, डॉक्टर नव्हेच. त्यानं 1855 च्या सुमारास आजच्या स्लोव्हेनियात ब्लेड गावच्या तळ्याकाठी लोकांना कमीत कमी कपड्यांत ऊन-वाऱ्यात हिंडवून बरं करायचं केंद्र काढलं. डॉक्टर हसले. पुढं 1877 साली डाउन्स आणि ब्लंट या दोन इंग्रजांनी दाखवलं की उन्हानं जंतू मरतात, तेव्हा हसणं कमी झालं. मग नील्स फिन्सेन. फेरो बेटांवर जन्मलेला, स्वतः कायम आजारी असलेला डॅनिश डॉक्टर. चेहऱ्याची कातडी खाणारा क्षय होतो, त्यावर तो विजेच्या दिव्याचा प्रकाश एकवटून टाकायचा. 1903 साली त्याला नोबेल मिळालं आणि पुढच्याच वर्षी तो गेला, चव्वेचाळिसाव्या वर्षी.

त्याच 1903 साली आल्प्सच्या डोंगरात, लेझाँ या गावी, ऑग्यूस्त रोलिए या डॉक्टरनं उन्हाचा दवाखाना उघडला. हाडामांसाच्या क्षयाचे रोगी, त्यांत मुलं पुष्कळ. त्यांचे पलंग चाकं लावून उघड्या सज्जात आणायचे. पण ऊन देण्याची त्याची पद्धत आपल्या उपवासाच्या पारण्यासारखी होती, हळूहळू. पहिल्या दिवशी फक्त पावलं, तीही पाच मिनिटं. दुसऱ्या दिवशी पावलांना दहा, नडग्यांना पाच. असं करत करत दोन-तीन आठवड्यांत सगळं अंग उन्हाला सरावायचं. अंग तांबूस तपकिरी झालं की रोगी सुधारतोय, असं तो धरायचा. उन्हानं काळवंडणं हे आरोग्याचं चिन्ह ठरलं ते इथं, बर्फाच्या डोंगरात, आजारी मुलांच्या अंगावर. फॅशन नंतरची.

आता त्याच वर्षांत आमच्या बेळगावच्या कँपात काय चाललं असेल पाहा. हिंदुस्थानात आलेला गोरा साहेब उन्हाला वाघासारखा भ्यायचा. शोल्याच्या भेंडाची टोपी डोक्यावर घातल्याशिवाय तो दाराबाहेर पाऊल टाकत नसे, आणि पाठीच्या कण्याला ऊन लागू नये म्हणून कापडाची गादी पाठीवर बांधायचीही चाल होती. वुड्रफ नावाच्या अमेरिकन लष्करी डॉक्टरनं 1905 साली पुस्तकच लिहिलं की उष्ण देशातल्या प्रकाशानं गोऱ्या माणसाचा मेंदू नि मज्जा बिघडतात. एकाच सूर्याखाली स्वित्झर्लंडमधली गोरी मुलं लंगोटीवर ऊन खात होती आणि इथं मेमसाहेब कोचावर पडदे ओढून बसत होत्या. दुसऱ्या महायुद्धात सैन्यानं ती टोपी सोडली आणि कुणाचं डोकं फिरलं नाही.

आणि मेमसाहेबांसारख्याच पडदे ओढून बसलेल्या आपल्या बायका. इथं मला जरा थांबायचं आहे.

1890 साली थिओबाल्ड पाम नावाच्या इंग्रज मिशनरी डॉक्टरनं एक साधी गोष्ट पाहिली होती. तो जपानात काम करून परतला होता. तिकडं मुडदूस दिसत नव्हता आणि इंग्लंडात गल्लोगल्ली. त्यानं देशोदेशीच्या डॉक्टरांकडून माहिती मागवली आणि सांगितलं, जिथं ऊन तिथं मुडदूस नाही. कुणी फारसं ऐकलं नाही. लोक म्हणत, आहारात खोट असेल, गरिबी असेल, घाण हवा असेल. मग या वादाचा निकाल लागायला जी गावं कामी आली त्यांतलं एक आपलं नाशिक.

हचिसन नावाचे डॉक्टर नाशिकला काम करत होते. 1921 आणि 1922 साली त्यांनी पटेल आणि शहा या दोन सहकाऱ्यांबरोबर नाशिकच्या मुडदुसावर निबंध लिहिले. त्यांना दिसलं ते सगळ्या समजुतींच्या उलट होतं. गोदाकाठच्या त्या लखलखीत उन्हाच्या गावात मुडदूस होता, आणि तो खाऊनपिऊन सुखी असलेल्या घरांत होता. पडदा पाळणाऱ्या मुसलमान घरांत, वरच्या जातींच्या हिंदू घरांत. तिथं दूध-तूप होतं, पण बाळ-बाळंतीण महिनोन्‌महिने आतल्या खोलीत. उलट जी मजूर बाई भाकरीवर दिवस काढायची, पोराला झोळीत घालून शेताच्या बांधावर झोपवायची, तिच्या पोराचे पाय सरळ. लहान मुलांचं सोडाच, वयात येऊ लागलेल्या, पडद्यात बसवलेल्या मुलींतही हा रोग डोकं वर काढत होता.

मी हे वाचलं तेव्हा मला आमच्याकडची बाळंतिणीची खोली आठवली. जुन्या वाड्यातली, खिडकी एकच, तिलाही जाड कापड. वारा लागेल, नजर लागेल. शेक, शेगडी, डिंकाचे लाडू, सगळं मन लावून केलेलं. प्रेमात कमी नव्हतीच. बाळाला तेल लावून कोवळ्या उन्हात धरायची रीत होती खरी, पण बाळंतिणीला कोण धरणार? आणि इंदूर-ग्वाल्हेरकडच्या माझ्या वाचकांना गोषा काय होता हे मी सांगायला नको. मोठ्या घरची सून मेण्यात बसून आली ती थेट शेवटच्या प्रवासालाच बाहेर पडली, असं सांगणाऱ्या म्हाताऱ्या आपण पाहिल्या आहेत. तो घराण्याचा मान होता. त्या मानाची किंमत तिची कंबर आणि तिची हाडं चुकवत होती, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

काश्मीरला काम करणाऱ्या कॅथलीन वॉन या डॉक्टरीणबाईंनी ते सरळ लिहिलं. 1928 साली त्यांचं पुस्तक आलं. पडदापद्धतीचा मातृत्वावर काय परिणाम होतो हाच विषय. मोठेपणी होणाऱ्या मुडदुसानं बाईची हाडं मऊ पडतात, कटीचं हाड आत दबतं आणि बाळ बाहेर यायला वाट उरत नाही. किती बायका त्यात गेल्या असतील! ‘नशीब’, ‘बाळंतपणात गेली’, एवढ्यावर विषय संपायचा. उन्हात राबणाऱ्या गरीब बाईला हा रोग सहसा नव्हता. म्हणून मला वाटतं, सूर्यस्नान हा चैनीचा विषय आहे असं म्हणणाऱ्यांनी आधी नाशिकचे आणि काश्मीरचे ते कागद वाचावेत.

एक गोष्ट माझ्या नेहमी मनात येते. आपल्या घरात उन्हाचं मोल कुणाला कळत नव्हतं असं नाही. उन्हाळा लागला की डाळींना ऊन, मसाल्याला ऊन, गाद्यांना ऊन, लोणच्याच्या बरणीला ऊन. चातुर्मासात पालेभाजी बंद, अष्टमी-चतुर्दशीला हिरवं बंद, त्यामुळं जैन घरात तर वाळवणाला जास्तच महत्त्व. पापड, सांडगे, कुरडया, गच्ची भरून जायची. ‘जरा ऊन दाखव त्याला, टिकेल’ हे वाक्य प्रत्येक वस्तूबद्दल म्हटलं जायचं. आणि ते सगळं राखायला काठी घेऊन बसलेली मुलगी मात्र डोक्यावरून ओढणी, तोंडावर सावली. माझ्या आज्जीला हे वाळवण म्हणजे पर्वणी वाटायची. ती म्हणायची, ‘कावळे हाकलायला मीच बसते.’ तिला गुडघेदुखी होती. दुपारी अकराला ती पापडांच्या ओळीत पाठीवर ऊन घेऊन बसायची आणि कुणी बोलवल्याशिवाय उठायची नाही. बाईनं नुसतं ऊन खात बसलं तर ते आळसात जमा. पापड राखत बसलं तर काम.

इकडं शास्त्रात उलगडा झाला होता. 1919 च्या सुमारास बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की या डॉक्टरनं मुडदूस झालेल्या मुलांना खास दिव्याच्या प्रकाशात ठेवून बरं केलं. 1921 ला न्यूयॉर्कच्या हेस यांनी नुसत्या उन्हानं केलं. त्याच सुमाराला कॉड माशाच्या यकृताचं तेलही तेच काम करतं हे ठरलं आणि 1922 साली त्यातल्या गुणाला ड जीवनसत्त्व असं नाव मिळालं. कातडीतल्या एका चरबीवर सूर्याचे अतिनील किरण पडले की ते जीवनसत्त्व शरीरात तयार होतं. काचेतून ते किरण फारसे येत नाहीत. मग ते येऊ देणारी वेगळी काच निघाली आणि लंडनच्या प्राणिसंग्रहालयात माकडांच्या घराला ती बसवली. माकडांची सोय आमच्या आज्यांच्या आधी झाली.

युरोपातल्या घराघरात मग चमच्यानं कॉडचं तेल सुरू झालं. बेळगावातही शाळेत नि मिशनच्या दवाखान्यांत ते तेल आलं. मासा, माशाचं यकृत, अंड्यातलं पिवळं, या जीवनसत्त्वाच्या जेवढ्या मोठ्या जागा अन्नात आहेत त्या सगळ्या जैन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर आहेत. आळिंबीत थोडं असतं, तीही आपल्याला चालत नाही. दुधातुपात नावापुरतं. म्हणजे आपल्या बायकांना उरलं काय, तर ऊन. त्याच उन्हापासून आपण त्यांना राखत आलो.

हिंदुस्थानातल्या पुरुषांनी मात्र ऊन घ्यायचा उपदेश पुष्कळ केला. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला, आपल्या संस्थानच्या शाळांत मुलामुलींना तो लावला, आणि त्यांचं पुस्तक इंग्रजीतही गेलं. गांधीजींनी आगाखान पॅलेसच्या कैदेत आरोग्यावर लिहिलं त्यात पाणी, माती, वारा यांच्याबरोबर सूर्यस्नानही आहे. 1946 ला उरुळीकांचनला निसर्गोपचाराचा आश्रम निघाला. पण उघड्या अंगानं उन्हात पडायला बाईनं जागा कुठं शोधायची, या प्रश्नाचं उत्तर या पुस्तकांतून मिळत नाही. आपल्या परंपरेत तर हा भेद स्पष्टच आहे. मुनिमहाराज ग्रीष्मात डोंगरमाथ्यावर आतापन योग धरतात, त्यांच्या अंगावर दिशांचंच वस्त्र. गोमटेश हजार वर्षं श्रवणबेळगोळच्या टेकडीवर ऊन-पाऊस झेलत उभा आहे. आर्यिकेला मात्र पांढरी साडी अंगभर. त्यामागचं शास्त्र मोठ्या मंडळींनी मला लहानपणी समजावलं आहे आणि त्याचा वाद मी इथं घालत नाही. पण गोमटेशाच्या पायाशी उभी राहून वर पाहताना, उन्हानं तापलेला तो दगडी खांदा पाहताना, माझ्या मनात हे येऊन जातं खरं.

आता समुद्रकाठ. रोलिएच्या उन्हाला हौसेच्या उन्हाचं रूप आलं ते फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर. तिथं पूर्वी श्रीमंत लोक हिवाळ्यात जायचे आणि उन्हाळा लागला की हॉटेलं बंद व्हायची. 1923 च्या उन्हाळ्यात मर्फी नावाच्या अमेरिकन जोडप्याखातर आंतीबचं एक मोठं हॉटेल उघडं राहिलं, आणि उन्हाळ्यात समुद्रावर पडून राहायची टूम निघाली. त्याच सुमारास कोको शानेल ही कपडेवाली जहाजातून तांबूस होऊन उतरली आणि पॅरिसच्या बायकांनी छत्र्या मिटल्या, अशी कथा सांगतात. एका बाईनं बोटीवरून उतरल्यानं जग बदलत नाही, पण तिची गोष्ट सांगायला सोपी म्हणून टिकली. 1927 ला पातू या फॅशनवाल्यानं उन्हात लावायचं तेल बाजारात आणलं. 1936 साली फ्रान्समध्ये कामगारांना भरपगारी रजा मिळाली आणि गिरणीतली बाईही समुद्रावर आली. गोरेपणा दाखवून श्रीमंती सांगायचे दिवस गेले. आता काळवंडून सांगायची, की आम्हांला सुट्टी परवडते. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वस्त विमानं आली, बिकिनी आली, आणि अंगाला तेल चोपडून दिवसभर भाजत पडणं हा गोऱ्या जगाचा वार्षिक विधी झाला.

ती लाट गोव्याला 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात लागली. गोव्यातल्या लोकांना समुद्र नवा नव्हता. मे महिन्यात हवापालटाला किनाऱ्यावर जाऊन राहायची, खाऱ्या पाण्यात आंघोळी करायची ख्रिस्ती कुटुंबांची जुनी रीत होती. पण उघड्या वाळूवर भर उन्हात मुद्दाम पडून राहणं हे मात्र नवल. कळंगुट, बागा, हणजूण इथं हिप्पी आले, आणि त्यांच्या पाठोपाठ त्यांना पाहायला बसगाड्या भरभरून देशी पुरुष आले. त्यांत आमच्या बेळगावचेही होते. आमच्या गल्लीतून अशी एक सहल गेल्याचं मला चांगलं आठवतं. देवदर्शनाला मंगेशीला जातो असं घरी सांगून गेलेली मंडळी दोन दिवसांनी नाकं लाल करून परतली. ‘काय पाहिलंत?’ म्हटलं की एकमेकांकडं बघत. बायकांना अर्थातच त्या बसमध्ये जागा नव्हती.

मी स्वतः कळंगुटचा किनारा पाहिला तो लग्नानंतर. एका बाजूला सुकत घातलेली मासळी. आम्ही नाकाला पदर लावून पुढं गेलो. तिथंच कोळीण उन्हात वाकून काम करत होती, काळी, चकचकीत, घामानं निथळलेली. तिच्यापासून हाकेवर एक परदेशी बाई पालथी पडून पुस्तक वाचत होती आणि तिची पाठ उकडलेल्या बिटासारखी झाली होती. एकीला ऊन टाळता येत नव्हतं, दुसरीनं त्यासाठी विमानाचं तिकीट काढलं होतं. आणि मधून आम्ही तिघी जावा चाललो होतो, डोक्यावरून पदर घेऊन, एका छत्रीत. आमचं काय चाललं आहे असं मला त्या क्षणी पहिल्यांदा वाटलं. छत्री मी धरली होती. मी ती मिटली. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, ‘काय ग?’ मी म्हटलं, ‘वारा आहे, उलटी होते.’ वारा होताच.

पुढं त्या बिटासारख्या पाठींचा हिशेब आलाच. उन्हातल्या किरणांनी कातडीचा कर्करोग होतो याची चाहूल डॉक्टरांना एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, खलाशांच्या चेहऱ्यांवरूनच लागली होती. पण लोकांना पटायला अर्धं शतक गेलं. सर्वांत मोठी किंमत ऑस्ट्रेलियानं मोजली. थंड, ढगाळ देशातली गोरी कातडी तिथल्या प्रखर सूर्याखाली नेऊन वसवलेली. 1981 साली तिथं मोहीम निघाली: सदरा चढवा, क्रीम थापा, टोपी घाला. 1985 ला ओझोनच्या थराला भोक पडल्याची बातमी आली आणि ऊन हा शब्दच भीतीचा झाला. 2009 साली कर्करोगावर काम करणाऱ्या जागतिक संस्थेनं कातडी काळवंडायच्या विजेच्या पलंगांना तंबाखूच्या पंगतीत बसवलं. हे सगळं खरं आहे, आणि गोऱ्या कातडीसाठी ते जीवनमरणाचं आहे. त्यांची चेष्टा मी करणार नाही.

माझी तक्रार आपल्या बाजाराशी आहे. आपल्या कातडीत रंगद्रव्य भरपूर. तीच आपली छत्री. ती असल्यामुळं कातडीचा कर्करोग आपल्याकडं त्या मानानं फार कमी, आणि तिच्यामुळंच तेवढंच जीवनसत्त्व बनवायला आपल्याला गोऱ्या बाईपेक्षा जास्त वेळ ऊन लागतं. पण आपल्याकडं 1919 सालापासून मुंबईत अफगाण स्नो विकली जात होती, 1975 ला फेअर अँड लव्हली आली, वधू पाहिजेच्या जाहिरातींत ‘गोरी’ हा शब्द ‘सुशील’च्या आधी बसला. त्या जुन्या हौसेला ऑस्ट्रेलियाची भीती आयतीच मिळाली. आता आई मुलीला ‘काळी पडशील’ म्हणत नाही, ‘स्किन डॅमेज होईल’ म्हणते. त्या क्रीमचं नाव 2020 साली बदललं, फेअर गेलं नि ग्लो आलं. आमच्या घरातल्या न्हाणीघराच्या फळीवरची ट्यूब त्याच जागी आहे, नुसतं नाव नवीन.

आणि 2000 साली दिल्लीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी धडधाकट माणसांचं रक्त तपासून पाहिलं. उन्हाच्या देशात ड जीवनसत्त्वाचा दुष्काळ निघाला. दिवसभर छताखाली काम करणारे डॉक्टर आणि नर्सच कमी, गरोदर बायका कमी. त्यातल्या त्यात बरे कोण, तर मैदानात कवायत करणारे सैनिक. ऐंशी वर्षांपूर्वीचं नाशिकच पुन्हा, फक्त पडद्याऐवजी फ्लॅटच्या काचा.

मग डॉक्टर गोळी देतात. मी ती घेते, पण जैन बाईची चौकशी इथंही सुटत नाही. बाजारातलं बहुतेक ड-3 मेंढीच्या लोकरीतल्या चरबीपासून करतात. कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं, म्हणजे हाडाकातड्याचं. आमच्या ओळखीतल्या एका आज्जींनी औषधवाल्याला दुकानात उभं राहून विचारलं, ‘यात काय आहे ते सांग.’ तो पोरगा बिचारा डबी उलटसुलट करत बसला. हल्ली दगडफुलातून काढलेलं मिळतं, महाग असतं. ज्यांची हाडं खरोखरच ठिसूळ झाली आहेत त्यांनी नुसत्या उन्हावर विसंबू नये. वयाबरोबर कातडीची ती ताकद कमी होते. डॉक्टर सांगतील ते घ्यावं, शक्य असेल तर आपल्याला चालेल असं मागून घ्यावं. मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

आज्जीबद्दल एक सांगायचं राहिलं. आपण कौतुक करतो ते सकाळचं कोवळं ऊन सुखाचं खरं, पण त्यात ते जीवनसत्त्व बनवणारे किरण फार थोडे. सूर्य वर चढून आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की ते नीट पोचतात. म्हणजे पापडांत बसायची तिची अकराची वेळ बरोबर होती.

गेल्या जानेवारीत आमच्या महिला मंडळाची सहल गोव्याला गेली तेव्हा मी हे सावलीचं गणित सगळ्यांना सांगितलं. अकरा जणी होतो. साडेअकराला किनाऱ्यावर एकेकीनं उभं राहून आपली सावली पाहिली आणि बऱ्याच हसल्या. मी वीस मिनिटं लावली, त्यानंतर माडांच्या सावलीत, हे आधीच ठरवलं. भाजून घ्यायचं नाही. दोघी-तिघींनी बाह्या सारल्या. एका काकूंनी, वय सत्तरीच्या पुढं, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या, इकडंतिकडं पाहून पायमोजे काढले. मग थोड्या वेळानं साडी नडगीपर्यंत घेतली. त्यांचे पाय पांढरेफटक, कधी उजेडच न पाहिलेले. मी त्यांना रोलिएच्या पाच मिनिटांची गोष्ट सांगितली, पहिल्या दिवशी फक्त पावलं. त्या म्हणाल्या, ‘मग आज एवढंच,’ आणि पावलं वाळूत उन्हाकडं करून डोळे मिटून बसल्या.

डबे साडेपाचला उघडले, दिवस वर होता तोवर. धपाटे, कोरडी चटणी, दही. जेवताना काकू सहलीच्या बाईंना विचारत होत्या, उद्या सकाळी मंदिरं किती वाजता संपतील.